आभाळमामांनी न मागितलेली माफी

नाटकातलं आभाळ आपोआप येत नाही. कुणीतरी ते दोरीनं खाली सोडतं आणि काम झालं की वर ओढून घेतं. आमच्या कंपनीत हे काम करणाऱ्या माणसाला सगळे आभाळमामा म्हणायचे. माझ्या हारतुऱ्यांच्या गोष्टी मी आजवर पुष्कळ सांगितल्या. आता ज्यांच्या वाट्याला एकही टाळी आली नाही त्यांची सांगते. आधीच बजावून ठेवते, ही कुणा बिचाऱ्याची गोष्ट नाही. मामा बिचारे कधीच नव्हते. हट्टी होते, आणि त्यांच्या त्या हट्टामुळेच माझी कवटी आज शाबूत आहे.

रंगमंचाच्या उजव्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा अंधारात एक लोखंडी शिडी होती. ती चढून गेलं की लाकडी माचा. माच्यावर कंबरेइतक्या उंचीला खुंट्यांची रांग, आणि प्रत्येक खुंटीला एक दोर. कुठला दोर राजवाड्याचा, कुठला नदीकाठचा, कुठला आभाळाचा, हे मामांना डोळे मिटून कळायचं. तरुणपणी ते बंदरावर होते, जहाजांवर माल चढवायचे. गाठी तिथेच शिकले. आमच्याकडे आले तेव्हा मालकांनी विचारलं, "नाटकातलं काय येतं तुम्हाला?" मामा म्हणाले, "नाटकातलं काहीच येत नाही. वजन कुठं जाईल तेवढं कळतं." त्याच दिवशी कामावर घेतलं.

त्यांचा एक नियम होता: हाताला शंका आली की गाठ मारायची. पडदा अर्धवट लोंबकळू दे, प्रवेशाचा विचका होऊ दे, नट शिव्या घालू देत. हात खात्रीचा नसेल तर दोर खुंटीला बांधून मागं सरकायचं. मला म्हणायचे, "दोराला लाज नसते, सासूबाई. निसटला तो निसटला. लाज आपण धरायची असते."

मला ते सासूबाई म्हणत, कारण माझी विशी सरायच्या आतच मी रंगमंचावर पांढऱ्या केसांची सासू झाले होते. मालकीणबाई शेवटपर्यंत नायिका राहिल्या, तेव्हा कुणीतरी म्हातारं व्हायला हवंच होतं.

मामा दारूला शिवत नसत. नाटक रंगलं की आमची मंडळी पेले काढायची, आणि कुणी ना कुणी मामांच्या मागं लागायचंच.

"घ्या हो मामा, एका घोटानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ माझ्याच हातात आहे म्हणून नको म्हणतो."

मग ते सांगायचे. बंदरावर असताना एकदाच घोटभर घेतली होती. तोंड तांबडंलाल झालं, छातीत ढोल वाजायला लागले आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. त्यांच्या आईला बाळंतपणात कुणीतरी औषध म्हणून चमचाभर ब्रँडी पाजली होती, तीही अशीच लाल होऊन पडली होती. बहिणीची तीच तऱ्हा. "आमच्या घराण्यात दारूला उंबरठाच ओलांडता येत नाही," असं म्हणून ते पाण्याचा पेला उंचावायचे. आमच्यातला राजाचं काम करणारा म्हातारा नट त्यांना नेहमी सांगे, "सराव नाही तुम्हाला, मामा. सराव केला की पचते." मामा म्हणायचे, "तुम्ही आधी दुसऱ्या अंकातल्या संवादांचा सराव करा."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांचे साडू अवतरले.

आमचे मालक कंपनीचे धनी आणि नायकही. माणूस दिलदार, आवाज घंटेसारखा, पण गळ्यात एकदा एखादी गोष्ट अडकली की ती काढायला देवच हवा. साडूंनी नवा धंदा काढला होता, टॉनिकचा. अंगात साठलेलं सगळं विष खेचून काढणारं, रक्त धुऊन स्वच्छ करणारं, असं ते सांगत. अख्ख्या पडद्यावर जाहिरात रंगवून आणली: एका बाजूला काळवंडलेला, वाकलेला माणूस, मध्ये बाटली, दुसऱ्या बाजूला तोच माणूस, गुलाबी आणि छाती काढलेला. नाटक सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात तो पडदा खाली सोडायचा. त्या बदल्यात कंपनीला नवे दिवे आणि साऱ्या मंडळींना टॉनिक फुकट.

मालकांचा त्यावर मनापासून विश्वास बसला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. रोज तोंडं रंगवायला बसण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून ते स्वतः पेला भरून देत. चव कडूजहर, वास वेलदोड्याचा. आणि खरं सांगते, दहा मिनिटांत अशी तरतरी यायची! राजा तर रांगेतून दोनदा यायला लागला. "माझ्यात विष जास्त आहे हो," असं म्हणून पेला पुढं करायचा.

पहिल्याच संध्याकाळी मामा लाल झाले. कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत. आम्ही चपापलो, पण मालकांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? पाहिलंत? विष बाहेर येतंय! इतकी वर्षं बंदरावरची धूळ, धूर, दोराचा भुसा, सगळं अंगात साठलेलं. बघा कसं वर येतंय!"

"मालक, छातीत धडधडतंय," मामा म्हणाले.

"धडधडणारच. रक्त धुतलं जातंय."

मामांनी दुसऱ्या दिवशी पेला नाकारला. मालकांना ते फार लागलं. कंपनीचं अन्न खाता आणि कंपनीचं औषध नको, असं म्हणाले. मामांनी निमूटपणे अर्धाच पेला घेतला, पुन्हा लाल झाले, तोंडावर पाणी मारून वर चढले. त्या दिवशी कामं हलकी होती, निभावलं.

मग तो पाहुण्यांचा प्रयोग आला. मोठमोठी माणसं पुढच्या रांगेत, साडू मधोमध. थंडी मी म्हणत होती. मालकांनी सगळ्यांना दुप्पट टॉनिक पाजलं आणि मामांसमोर तर पेला रिकामा होईपर्यंत उभे राहिले. मामांच्या पोटात दुपारपासून अन्नाचा कण नव्हता. मोठ्या प्रयोगाच्या दिवशी ते जेवत नसत.

तिसऱ्या अंकात राजवाडा वर जाऊन अरण्य खाली यायचं. अरण्य म्हणजे नुसतं कापड नव्हे. खऱ्या लाकडाची खोडं, फांद्या, सगळं एका आडव्या दांड्याला टांगलेलं. कंपनीतलं सगळ्यात जड सामान तेच. आणि ते जिथं उतरायचं त्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर आम्ही बायका उभ्या असायचो, मी आणि मागे कोरसातल्या मुली. घंटा झाली. राजवाडा हलला नाही. पुन्हा घंटा झाली. अरण्याचा पत्ता नाही.

मालक नायकाच्या वेशात धावत आत आले. समोर सिंहासन, खांब, झुंबर. आणि त्यांचा संवाद होता, "आई, या घनदाट अरण्यात वाट सापडत नाही!"

म्हणाले तेच. दुसरं काय म्हणणार? मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "उजवीकडं दरवाजा आहे बघा!" सगळं नाट्यगृह फुटलं. मी घाईघाईनं म्हटलं, "बाळा, मन रानात हिंडत असलं की महालातही वाट सापडत नाही." त्यावर टाळी पडली, पण मालकांचं तोंड मी जवळून पाहिलं होतं. आता कुणाचं तरी काही खरं नाही हे मला कळलं.

पडदा पडल्यावर मामा शिडीवरून उतरले. उतरले म्हणजे एकेक पायरी चाचपत आले. चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा, डोळे तांबारलेले, पाय लटपटत होते. आणि आम्ही सगळ्यांनी, एकजात सगळ्यांनी, एकच गोष्ट ओळखली.

आता हे नाटकवाल्यांनाच कळेल. आम्ही दारुड्याचं सोंग कसं उभं करायचो? गालावर लाल, नाकाच्या शेंड्यावर लाल, डोळ्यांखाली लाल. प्रेक्षकाला एक अक्षर न बोलता कळतं, आला बेवडा. जन्मभर आम्ही दारू अशी रंगवली आणि रंगवता रंगवता आमचाच त्यावर विश्वास बसला. त्या क्षणी आमच्यासमोर मामा उभे नव्हते, सोंग उभं होतं. रंगभूषा करणारे रंगवाले दादा तर म्हणाले, "इतका झकास दारुडा मीसुद्धा कधी रंगवला नाही!" आणि पोरी खुसखुसल्या.

"प्यायलात?" मालकांनी विचारलं.

"नाही."

"नाटकाची माती केलीत. पाहुण्यांपुढं मला माकड केलंत. आणि वर खोटं?"

"हात थरथरत होते, मालक. दोर बांधून टाकला. अरण्य सोडलं असतं आणि निसटलं असतं तर सासूबाई आणि या पोरी खाली होत्या."

"हात का थरथरत होते?"

"ते मलाच कळत नाही."

"मला कळतं! तोंडावर लिहिलंय तुमच्या."

साडू मागं उभे होते. ते मान हलवून म्हणाले, "या वयात व्यसन लागलं की सुटत नाही हो." तेव्हा मामांनी मान वर केली.

"मालक, पहिल्या दिवशी मी असाच लाल झालो तर तुम्ही म्हणालात, विष बाहेर येतंय. आज तसाच लाल झालो तर म्हणता, दारू आत गेली. तोंड एकच आहे माझं. निकाल दोन कसे?"

पण मालक तापलेले होते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब किती टिकणार? त्यांनी मामांना कामावरून काढलं. दोर साडूंच्या गाडीवानाकडं दिले. तरी मनानं मोठे म्हणून दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: सगळ्या मंडळींसमोर मामांनी एवढंच म्हणायचं की, मी प्यायलो होतो, चुकलं, माफ करा. मग माचा त्यांचाच.

हा निरोप घेऊन मला पाठवलं. मी आनंदानं निघाले. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

मामांचं घर म्हणजे एका मोठ्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीला मामींचं शिवणयंत्र, भिंतीवर दोराच्या नाना गाठी टांगलेल्या, जशा दुसऱ्यांच्या घरी तसबिरी असतात. मामांनी निरोप ऐकला आणि म्हणाले, "नाही."

"अहो मामा, चार शब्द तर म्हणायचे. आपण रोज चारशे खोटे शब्द म्हणतो."

"तुम्ही सोंग घेऊन म्हणता, सासूबाई. मला सोंग नाही. मी बोललो तर मीच बोललो." मग म्हणाले, "आणि उद्या प्यालेल्या माणसाच्या दोराखाली तुम्ही उभ्या राहाल का? मी एकदा हो म्हटलं की प्रत्येक वेळी वर बघाल. न प्यायलेल्या दारूची माफी मी मागणार नाही. भीक मागेन."

मी मामींकडे आशेनं पाहिलं. त्यांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "माझ्याकडं काय बघता? त्यांनी माफी मागितली तर त्यांचं अंथरूण जिन्यात टाकेन मी. इतकी वर्षं संसार केला, माणूस प्यालेला कसा दिसतो ते मला या घरात कधी बघायला मिळालं नाही. आता त्या माकडांच्या सांगण्यावरून बघू होय?"

मामांची भाची तिथंच बसली होती, सख्ख्या बहिणीची मुलगी. ती कॉलेजात शरीराचं रसायन शिकवायची. तिनं विचारलं, "मामा, त्या दिवशी पोटात काय काय गेलं? आठवून सांगा."

"पाणी. आणि मालकांचं टॉनिक. दुप्पट."

भाचीनं मान वाकडी केली. "टॉनिक? कसलं टॉनिक? आणि त्याआधी कंपनीत कधी लाल झाला होतात?"

"टॉनिक घेतलं तेव्हाच."

माझ्या पिशवीत बाटली होती. फुकटचं होतं, मीही घरी नेत असे. भाचीनं बूच काढलं, वास घेतला, तळहातावर थेंब चोळून पुन्हा वास घेतला. मग डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली आणि हसायला लागली. रागानं हसत होती ती.

"वेलदोड्याखाली दारू लपवलीये, मामी! हे विष काढायचं औषध म्हणे!"

मग तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण तिची भाषा मला तोंडपाठ झाली नाही.

आपल्या पोटात उजवीकडं यकृत आहे. तिथं बारीक बारीक कामगारांची फौज असते. त्यांना एन्झाइम म्हणतात, पुस्तकात विकर म्हणतात. औषधाचे उरलेले अंश, धूर, रंगाची वाफ, अन्नातले आणि आपल्या शरीरातच तयार होणारे टाकाऊ पदार्थ, जे जे अंगाला बाधेल ते पकडायचं, मोडायचं, त्याला असं रूप द्यायचं की ते लघवीतून किंवा पित्तातून मुकाट बाहेर पडेल. प्रत्येक कामगाराचं काम ठरलेलं. आमच्याकडे जसं दिवेवाला पडद्याला हात लावत नाही, तसं.

दारू आली की पहिला कामगार तिला पकडतो आणि तिचा वेश बदलतो. पण हा नवा वेश पहिल्याहून भयंकर असतो. त्याचं नाव ॲसिटाल्डिहाइड. एखाद्या नाटकात लुच्चा माणूस आत जातो आणि राक्षस होऊन बाहेर येतो, तसं. म्हणून दुसरा कामगार दाराशीच उभा हवा. तो त्या राक्षसाला धरतो आणि त्याचं शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, आंबटपणासारखं काहीतरी साधंसुधं करून टाकतो, जे शरीर सहज जाळून वापरून टाकतं. बहुतेकांचा हा दुसरा कामगार चपळ असतो, म्हणून राक्षस रंगमंचावर दिसायच्या आत आटोपतो.

"आमच्या घराण्यात तो दुसराच जन्मतः पांगळा आहे," भाची म्हणाली. "आजीचा, आईचा, मामांचा, माझाही. त्यामुळं थोडी दारू गेली तरी ते विष रक्तात तसंच उभं राहतं. शिरा फुगतात, तोंड लाल होतं, हृदय धावतं, हात कापतात, मळमळतं. मामा प्यालेले नव्हते. मामांना विषबाधा झाली होती."

"मग सरावानं पचते म्हणतात ते?" मी राजाचं वाक्य विचारलं.

"सरावानं फार तर लाली कमी दिसेल. तो कामगार काही धडधाकट होत नाही. विष तितकंच साठतं, आणि आमच्यासारख्यांनी पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ वाढतो. मामांचं तोंड लाल होतं ती लाज नाही, काकू. ती धोक्याची घंटा आहे, आणि घंटा वाजते तेव्हा तिला खोटं म्हणायचं नसतं."

मामा इतका वेळ आपल्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे अंगात विष साफ करणारी माणसं आधीच कामाला आहेत."

"आहेत. जन्मापासून, बिनबोभाट. त्यांना बाटली नको असते. त्यांच्यावर ओझं कमी टाकलं की झालं."

"माच्यावरच्या माणसासारखं," मामी म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा फिरवायला लागल्या. "चला उठा. जायचं ना?"

"कुठं?" मी विचारलं.

"माफी मागायला," मामा म्हणाले. "त्यांना मागू दे."

तालमीच्या वेळी आम्ही पोचलो. सगळी मंडळी रंगमंचावर होती, साडूही होते. मामा मधोमध जाऊन उभे राहिले. मालकांना वाटलं, आले शरण. हात पुढे करून म्हणाले, "या मामा. झालं गेलं विसरून जाऊ."

"मी काही विसरलो नाही," मामा म्हणाले. "भाचीचं ऐकून घ्या."

भाचीनं आधीच सांगून टाकलं की मामांना दारूचा थेंबही पाजायचा नाही. तिनं वाटेत कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पातळ केलेलं स्पिरिट आणि कापसाचे बोळे आणले होते. ज्याची इच्छा असेल त्यानं बाही वर करायची. दंडाच्या आतल्या नाजूक कातडीवर ओला बोळा ठेवून वर चिकटपट्टी. ज्याचा दुसरा कामगार पांगळा, त्याची कातडी तिथं लाल होणार. नाटकवाले! फुकटची भूमिका कोण सोडतो? सगळे बाह्या सरसावून रांगेत उभे. राजानं विचारलं, "पोटात घेऊन तपासता येत नाही का?" साडू तेवढे बाजूला राहिले.

थोड्या वेळानं तिनं पट्ट्या काढल्या. राजाचा दंड जसाचा तसा. मालकांचा, माझा, रंगवाले दादांचा, पोरींचा, सगळे कोरे. मामांच्या दंडावर लालभडक चौकोन. भाचीनं आपली बाही वर केली. तिच्याही दंडावर तोच.

"पाहा," मालक म्हणाले, आणि मी त्यांना मानते, डोकं त्यांचं तल्लख होतं. "यावरून इतकंच कळलं की दारू लागली की हे लाल होतात. त्या दिवशी लाल होते. म्हणजे प्यायले होते!"

"बरोबर बोललात, मालक," मामा म्हणाले. "प्यायलो होतो. तुम्ही पाजलीत. पेला संपेपर्यंत समोर उभे होतात."

साडू उसळले. "शुद्ध वनस्पतींचा अर्क आहे तो! उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" रंगवाले दादा म्हणाले. दाढीमिशांचा डिंक आणि मेण पातळ करायला त्यांच्याकडे एक छोटी चूल असायची. त्यांनी ती मधोमध आणली, लोखंडी पळीत टॉनिक ओतलं, तापवलं. वाफ निघायला लागली तशी चूल दूर सारून त्यांनी काडी ओढली आणि पळीजवळ नेली. भक्कन निळी ज्योत उठली. पळीच्या काठावर नाचायला लागली. कुणीतरी सवयीनं दिवे मंद केले, त्यामुळं ती आणखीच देखणी दिसली. रंगवाले दादा मामांकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते... दारुडा मीच रंगवला, मामा. तुमच्या तोंडावर."

साडू पुटपुटत होते, "औषध टिकायला थोडं घालावंच लागतं. सगळेच घालतात. बाटलीवर कोण लिहितं?"

राजा हळूच म्हणाला, "तरीच!" आणि पहिल्यांदाच त्या रंगमंचावर कुणी हसलं नाही.

ज्योत विझली. मग मालक हलक्या आवाजात म्हणाले, "मामा, जा वर. गाडीवानाला सांगतो. झालं ते आपल्यातच राहू दे. जाहिरातीचा पडदा काय, राहील हंगाम संपेपर्यंत. दिले शब्द मोडता येत नाहीत."

"दोर माझ्या हातात द्यायचे असतील तर तो पडदा खाली येणार नाही," मामा म्हणाले. "समोर माझ्यासारखा कुणी बसलेला असेल. तो ते चित्र बघून बाटली घेईल, लाल होईल, आणि घरचे त्याला दारुडा म्हणतील. मी हातानं ते खाली सोडणार नाही. गाडीवानाला ठेवा."

"आणि मी ठेवलंच त्याला तर?"

"तर मी त्या अरण्याखाली उभी राहणार नाही," मी म्हटलं. मागच्या पोरी माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. रंगवाले दादांनी चुलीवर पाणी ओतलं आणि तेही आले. राजा जरा घुटमळला, बाटलीकडे एक दुःखी नजर टाकली आणि आला.

साडू म्हणाले, "दिवे परत नेईन मी!"

"न्या," मालक म्हणाले. कपाळाला हात लावून उभे होते. "न्या हो. कंदिलावर नाटक करीन."

मामा तरीही शिडीकडे गेले नाहीत. "तुम्ही मला सगळ्यांसमोर दारुडा म्हणालात, मालक. काढलंत ते सगळ्यांसमोर. ते सगळ्यांसमोरच परत घ्या."

"घेतलं."

"काय घेतलं?"

मालकांच्या आवाजानं एकेकाळी नाट्यगृहाचे पंखे थरथरायचे. त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं ते पोपटाच्या कुजबुजीसारखं. तेवढ्यावर मामा शिडीकडे वळले आणि वर चढून गेले. गाडीवान खाली उतरला आणि माच्यावरच्या अंधारातून आवाज आला:

"ऐकू आलं नाही, मालक. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या."

मालकांनी मान वर केली. छाती भरून श्वास घेतला, जसा ते तिसऱ्या अंकात घ्यायचे, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून म्हणाले, "हा माणूस प्यायलेला नव्हता! मी चुकलो! मला माफ करा, मामा!" शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत आले.

वर खुंटीवरून दोर सुटल्याचा सरसर आवाज झाला, मग मामांचा.

"ठीक आहे. आता सगळे मागं व्हा. आभाळ येतंय."